रामेन का थांबत नाही?

दोघांसाठी मॅगी केली आणि जेवायला बसताना एकाला फोन आला, की पुढे काय होते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. फोन आटपून तो येईपर्यंत वाडग्यातला रस्सा गायब झालेला असतो आणि नूडल्स फुगून एकमेकींना चिकटलेल्या असतात. मीठ-मसाला तोच, पातेले तेच, तरी खाववत नाही. पाणी गेले कुठे? वाफेवाटे गेले ते थोडे; बाकीचे नूडल्सच प्यायल्या.

आता याच पदार्थावर रोजचा धंदा उभा करायचा आहे असे समजा. गव्हाच्या नूडल्स, त्यांवर गरम रस्सा, वर अंडे, कांद्याची पात, मांसाचे काप किंवा भाज्या. गिऱ्हाईक येईल तेव्हा वाडगा तयार हवा, पण आधी करून ठेवता येत नाही. वाढल्यावर गप्पा मारत बसले तर बिघडतो. पार्सल नेले तर वाटेतच बिघडतो. जपानमध्ये मात्र गल्लोगल्ली याच पदार्थाची साधी, स्वस्त, झटपट जेवणाची दुकाने आहेत आणि ती शंभराहून अधिक वर्षे चालली आहेत. मुंबई-पुण्यातही रामेन आता नवलाईचे राहिलेले नाही. छत्तीसगडमधल्या दुर्ग-भिलाईतल्या मोहन नगरसारख्या वस्तीतली मुले कोरियन-जपानी मालिका बघून त्याची फर्माईश करू लागली आहेत.

मग दहा मिनिटांत मरणाऱ्या पदार्थावर अख्खा व्यवसाय कसा चालतो? मला वाटते रामेनच्या दुकानात दिसणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट, अगदी बाकांची मांडणी आणि खाताना होणारा आवाजसुद्धा, या एका प्रश्नाच्या उत्तरातून आली आहे.

चावताना जे जाणवते ते काय असते

गव्हाच्या पिठात मुख्यतः दोन गोष्टी असतात: स्टार्चचे बारीक कण आणि प्रथिने. पिठात पाणी घालून मळले की प्रथिनांचे लवचिक जाळे तयार होते. त्याला ग्लूटेन म्हणतात. स्टार्चचे कण या जाळ्यात अडकून बसतात. नूडल उकळत्या पाण्यात पडली, की बाहेरच्या थरातले कण आधी पाणी पिऊन फुगतात आणि मऊ होतात. पाणी आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून नेमक्या वेळी काढलेली नूडल बाहेरून मऊ, ओलसर आणि गाभ्यात थोडी घट्ट असते. दातांखाली जी मजा येते ती या फरकाची असते.

हा फरक टिकत नाही. नूडल पाण्यातून काढली तरी तिच्या बाहेरच्या थरातले पाणी गाभ्याकडे सरकतच राहते. काही मिनिटांत आतबाहेर सारखाच ओलावा होतो आणि ती नुसती मऊ लागते. रश्श्यात असेल तर आणखी पाणी मिळते, मग फुगण्याला अंतच नसतो. म्हणून नूडल्स सकाळी उकडून ठेवू आणि गिऱ्हाईक आले की गरम करू, हा उपाय चालत नाही. हाका नूडल्सच्या गाडीवर तो चालतो, कारण तिथे उकडलेल्या नूडल्सना तेल लावून ठेवतात, मोठ्या आचेवर परततात आणि रस्सा नसतोच. रामेनमध्ये गरम रस्साच मुख्य.

पापडखाराची करामत

रामेनच्या नूडल्स शेवयांपेक्षा वेगळ्या का लागतात? पीठ दोन्हीकडे गव्हाचेच. फरक करतो तो खार. रामेनचे पीठ भिजवताना पाण्यात सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट हे दोन क्षार घालतात. जपानीत त्या मिश्रणाला कान्सुई म्हणतात. आपल्या पापडखारात मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असतात, म्हणजे हा त्याच कुटुंबातला पदार्थ. मोहन नगरात ज्या मराठी घरी उन्हाळ्यात उडदाचे पापड लाटले जातात, त्या घरात रामेनमधली सर्वांत अनोळखी वाटणारी वस्तू डब्यात आधीच आहे.

हा खार तीन कामे करतो. पहिले, ग्लूटेनचे जाळे आवळतो. त्यामुळे पीठ कडक होते, मळायला जड जाते आणि शिजल्यावर नूडल ताणली तर परत आखडते. दुसरे, खारामुळे स्टार्च फुगायला जास्त उष्णता लागते आणि आवळलेले जाळेही पाण्याची वाट अडवते, म्हणून नूडल रश्श्यात थोडा जास्त वेळ तग धरते. तिसरे काम डोळ्यांना दिसते. गव्हाच्या पिठात काही रंगद्रव्ये असतात, ती एरवी रंगहीन असतात आणि खार लागला की पिवळी पडतात. हळदीचा डाग साबणाने लाल होतो तो असाच खाराचा परिणाम. रंगद्रव्य मात्र वेगळे.

शाकाहारी वाचकांसाठी यातली एक गोष्ट कामाची आहे. रामेनच्या नूडल्सचा पिवळा रंग बहुतेक वेळा अंड्याचा नसतो, खाराचा असतो. काही ठिकाणी अंडेही घालतात, त्यामुळे विचारून घ्यावे हे बरे.

खाराचा इतिहासही आपल्या ओळखीचा निघतो. चीनच्या वायव्येकडे, लान्झोच्या हाताने ओढलेल्या नूडल्ससाठी, रेताड खारट जमिनीत उगवणारे झुडूप जाळून त्याची राख वापरायची पद्धत होती. आपल्याकडचा सज्जीखारही खाऱ्या, कोरड्या जमिनीतल्या वनस्पती जाळूनच मिळवत. ओकिनावा बेटावर नूडल्ससाठी लाकडाच्या राखेचे निवळलेले पाणी वापरत. जिथे जी राख सापडली, तिथल्या बायाबापड्यांनी तिचा गुण हेरला. चीनमधून आलेली ही रीत जपानच्या बंदरांतून आत शिरली आणि तिचे पुढे रामेन झाले.

घरी करून पाहायचे असेल तर खाण्याचा सोडा एका ताटलीत पसरून ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तासभर ठेवावा. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि उरते ते सोडियम कार्बोनेट. तो नुसत्या सोड्यापेक्षा तीव्र असतो, हाताला चरचरतो, म्हणून चमच्यानेच घ्यावा. पाव किलो मैद्याला अर्धा चहाचमचा पुष्कळ झाला. जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

गावागणिक नूडल वेगळी

खाराने वेळ वाढतो, पण थोडाच. पुढचा तोडगा प्रत्येक गावाने आपापल्या सोयीने काढला आणि मला रामेनमधला हा सर्वांत लोभस भाग वाटतो.

दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर फुकुओका शहर आहे. तिथल्या नागाहामा भागातल्या मासळी बाजारात पहाटे लिलाव चाले. मजुरांना खायला मिनिटांचीच सवड. त्यांच्यासाठी गाडीवाल्यांनी नूडल्स अगदी बारीक केल्या, म्हणजे उकळत्या पाण्यात बुडवल्या की पटकन शिजाव्यात. त्यांच्या पिठात पाणीही कमी घालतात. शंभर ग्रॅम पिठाला तीस ग्रॅमच्या आतबाहेर. अशा कोरड्या पिठाची नूडल झटपट शिजते आणि रस्सा पटकन ओढून घेते. चवीला छान, पण आयुष्य फारच कमी. मोठा वाडगा भरून दिला तर खालच्या निम्म्या नूडल्स मऊ पडणार. म्हणून तिथे वाडग्यात नूडल्स थोड्याच घालतात. संपल्या की गिऱ्हाईक हाक मारते, ‘काएदामा!’, आणि नुकत्या उकडलेल्या नूडल्सचा दुसरा हप्ता उरलेल्या रश्श्यात येऊन पडतो. आपल्याकडे पंगतीत पोळी गरम गरम, एकेक वाढतात त्यामागे जो विचार आहे तोच इथे आहे. नूडल्स किती घट्ट हव्यात हेही गिऱ्हाईकच सांगते. काही जण तर पाण्यात नुसत्या बुडवून काढलेल्या मागतात.

उत्तर टोकाला होक्काइदो बेटावरचे साप्पोरो. थंडी कडाक्याची, जेवण सावकाश, रस्सा मिसो नावाच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या घट्ट लगद्याचा. तिथल्या नूडल्स जाड, वळणदार, पिवळ्याजर्द. पिठात पाणी जास्त घालून त्या मुरवतात. ज्या पिठाने आधीच भरपूर पाणी पचवले आहे ते रश्श्यातून कमी पाणी ओढते, म्हणून या नूडल्स जास्त टिकतात. जपानच्या ईशान्येकडचे किताकाता हे छोटे गाव रुंद, चपट्या, मुरडलेल्या नूडल्ससाठी प्रसिद्ध आहे. त्यांतही पाणी जास्त. तिथे लोक सकाळच्या न्याहारीलाही रामेन खातात.

टोकियोत एकाने प्रश्नच वेगळ्या वाटेने सोडवला. ताइशोकेन नावाच्या दुकानात काम करणारे काझुओ यामागिशी यांनी १९५५ साली नूडल्स आणि रस्सा वेगवेगळ्या वाडग्यांत द्यायला सुरुवात केली. दुकानातली माणसे उरल्यासुरल्या नूडल्स रश्श्यात बुडवून खात, त्यावरून हे सुचले. शिजलेल्या नूडल्स गार पाण्यात खळखळून धुतात. त्यामुळे वरचा चिकट स्टार्च निघून जातो, शिजणे तिथेच थांबते आणि त्या घट्ट होतात. खाणारा घासाघासाला त्या दाट, खारट रश्श्यात बुडवतो. या प्रकाराला त्सुकेमेन म्हणतात. नूडल आणि रस्सा एकत्र येतात ते तोंडात जायच्या क्षणभर आधी.

रस्सा ढवळ का, नितळ का

रामेनचे रस्से दिसायला दोन जातींचे: नितळ सोनेरी आणि दुधाळ ढवळ. हाडे तीच असू शकतात, फरक आचेचा असतो.

हाडे, कातडी, सांधे यांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. ते तासन्‌तास पाण्यात शिजले की विरघळून त्याचे जिलेटिन होते. पायाचे सूप फ्रिजमध्ये ठेवले तर थिजते ते याच जिलेटिनमुळे. मंद आचेवर, नुसते बुडबुडे येतील इतपत शिजवले तर चरबी वर तरंगते, ती काढून घेता येते आणि खाली रस्सा नितळ राहतो. तेच खळखळ उकळत ठेवले तर पाण्याच्या धक्क्याने चरबी फुटून तिचे अतिसूक्ष्म थेंब होतात. जिलेटिन त्या थेंबांभोवती बसते आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. असे असंख्य थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणून रस्सा पांढरा दिसतो. दूध पांढरे दिसते तेही याच कारणाने. डुकराच्या हाडांच्या अशा रश्श्याला तोनकोत्सू म्हणतात. त्याचे मूळ क्यूशूतल्या कुरुमे गावात. तिथल्या नानकिन सेनर्यो या गाडीवर १९३७ साली तो सुरू झाला, तेव्हा तो बराच नितळ होता. पुढे १९४७ मध्ये त्याच गावातल्या दुसऱ्या एका दुकानात भांडे चुकून मोठ्या आचेवर राहिले आणि ढवळ रस्सा जन्मला, असे सांगतात. डुक्कर न खाणाऱ्यांसाठी कोंबडीच्या हाडांचा ढवळ रस्साही करतात आणि भारतात तोच जास्त दिसतो.

या मोठ्या भांड्यातल्या रश्श्यात मीठ जवळजवळ नसते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. भांडे दिवसभर आटत राहते. आधीच मीठ घातले तर दुपारचा वाडगा आणि रात्रीचा वाडगा सारखे लागणार नाहीत. म्हणून खारट अर्क वेगळा करून ठेवतात. त्याला तारे म्हणतात. सोया सॉसचा, मिठाचा किंवा मिसोचा. वाडग्याच्या तळाशी मापाने तारे घालायचे, त्यावर सुगंधी तेल, मग रस्सा, मग नूडल्स. एकाच भांड्यातून तीन वेगळ्या चवींची रामेन निघतात ती अशी, आणि वाडगा भरायला मिनिटही लागत नाही. तासांचे काम आधी झालेले असते; मिनिटांचे तेवढे गिऱ्हाइकासमोर होते.

दोन चवी मिळून अनेक पटी

नुसत्या पाण्याला इतकी भरगच्च चव कुठून येते? १९०८ साली टोकियो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यावर काम केले. सुमारे १२ किलो शेवाळातून त्यांनी ३० ग्रॅमच्या आसपास एक पदार्थ वेगळा काढला. तो ग्लूटामेट होता. गोड, आंबट, खारट, कडू यांत न बसणाऱ्या त्या चवीला त्यांनी उमामी म्हटले. पिकलेल्या टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये आणि आईच्या दुधातही ग्लूटामेट असते. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडले. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटचे काम केले, जे सुकवलेल्या शिताके अळंबीत भरपूर असते.

खरी गंमत यांच्या जोडीत आहे. जिभेवर उमामी ओळखणारी जी प्रथिने असतात, त्यांचा एक भाग दोन पाळ्यांचा असतो. ग्लूटामेट त्या पाळ्यांच्या मध्ये बसले की त्या मिटतात आणि मेंदूकडे चवीचा निरोप जातो. इनोसिनेट किंवा ग्वानिलेट शेजारी येऊन बसले तर मिटलेल्या पाळ्या सहज उघडत नाहीत आणि निरोप जोरकस जातो. म्हणून नुसते शेवाळ किंवा नुसती हाडे यांपेक्षा दोन्हींची जोडी अनेक पटींनी चवदार लागते. हाडांच्या आणि माशांच्या रश्श्यात इनोसिनेट, सोया सॉस आणि मिसोत ग्लूटामेट. तारे आणि रस्सा वाडग्यात भेटतात तेव्हा ही जोडी जुळते.

शाकाहारी रामेनला बेचव पर्याय म्हणायचे कारण उरत नाही ते यामुळेच. कोम्बू रात्रभर गार पाण्यात भिजवून साठ अंशांच्या आसपास हलके तापवायचे, उकळू द्यायचे नाही, नाहीतर बुळबुळीतपणा आणि कडवट वास उतरतो. शिताके गार पाण्यात भिजवून मग हळूहळू तापवायची, कारण तिच्यातली ग्वानिलेट तयार करणारी विकरे मधल्या तापमानात काम करतात. ढवळपणा हवा असेल तर सोयादूध. मात्र दुकानात वर भाज्या दिसल्या म्हणून रस्सा शाकाहारी असेल असे धरून चालू नये. जपानमध्ये तर भाज्यांच्या रामेनखालीही बहुतेक वेळा हाडांचा किंवा माशांचा रस्सा असतो. आपल्याकडे ‘रस्सा कशाचा आणि तारेत मासा आहे का’ हे दोन प्रश्न विचारले की पुरते.

तर्री

विदर्भातून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांना तर्री समजावून सांगावी लागत नाही. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती, आणि तर्री-पोह्यांचा वास नागपूर-दुर्ग रेल्वेमार्गावर नवा नाही. लाल तेलाचा तो पातळ थर जे काम करतो, तेच रामेनवरचे तेल करते. गरम पाणी थंड होते ते मुख्यतः वाफ निघून जाते म्हणून. वाफेबरोबर पुष्कळ उष्णता जाते. वर तेलाचा अखंड थर असेल तर पाण्याला वाफ होऊन निसटता येत नाही आणि रस्सा खूप वेळ चटका देणारा राहतो. वाफ दिसत नाही म्हणून निवले असेल असे समजून घोट घेतला तर जीभ पोळते, हा मिसळीच्या कटाचा धडा रामेनलाही तसाच लागू आहे. होक्काइदोतल्या आसाहिकावा आणि साप्पोरोच्या थंडीत म्हणूनच वर चरबीचा जाड थर देतात.

तेलाचे दुसरे काम सुगंधाचे. लसूण, आले, पात यांचे बरेच सुगंधी घटक पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतात. नूडल रश्श्यातून वर येताना या थरातून जाते आणि तेल तिच्या अंगाला लागते. सुर्र आवाज करत ती ओढली की हवा आत येते, घास थोडा निवतो आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. पानावर बसून आवाज करू नये असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते, पण जपानी दुकानात ओढण्याचा आवाज कुणाला खटकत नाही. त्याने चव खरोखर वाढते आणि गरम घास लवकर खाता येतो.

दुकान असे का असते

टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० साली कानइची ओझाकी यांनी योकोहामातले चिनी आचारी आणून राइराइकेन हे दुकान काढले. कष्टकऱ्यांना परवडणारे नूडल्सचे जेवण तिथे लोकप्रिय झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई होती, अमेरिकेतून गहू येत होता आणि चीनमधून परतलेल्या अनेकांना नूडल्स करता येत होत्या. गाड्या वाढल्या. नंतरच्या औद्योगिक भरभराटीत कारखाने आणि बांधकामांवरचे लाखो लोक दुपारी लवकर, स्वस्त आणि पोटभर खायला शोधू लागले. बस्तरमधल्या बैलाडिल्याचे लोहखनिज १९६८ पासून विशाखापट्टणमहून जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जायला लागले ते याच वर्षांत. छत्तीसगडच्या डोंगरातल्या दगडाने ज्या भट्ट्या पेटत्या राहिल्या, तिथल्या पाळ्यांवरच्या माणसांचे जेवण रामेन होते, ही ओळख मला मोलाची वाटते.

अशा गिऱ्हाइकासाठी दुकानाची रचना घडली. आचाऱ्यासमोरच लांब फळी आणि बाके: नूडल्स भांड्यातून निघून गिऱ्हाइकासमोर यायला हातभराचे अंतर. दाराशी तिकिटाचे यंत्र: पैसे आधी भरलेले असतात, आचाऱ्याला नोटांना हात लावावा लागत नाही, आणि माणूस बसेपर्यंत कोणता वाडगा हवा हे आत कळलेले असते. वाडगाही आधी गरम पाण्याने तापवतात. बसायला आठ-दहाच जागा असल्या तरी चालते, कारण जेवण पंधरा मिनिटांत आटपते. खाऊन झाल्यावर रेंगाळायचे नाही हा तिथला शिष्टाचार आहे. त्यात तुसडेपणा नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या भुकेची ती कदर आहे.

आपल्याकडची रामेनची दुकाने मात्र कुटुंबांनी, मित्रांनी भरतात. टेबले चौघांची, वाडगे मध्ये ठेवून सगळ्यांनी थोडे थोडे चाखायचे, आधी फोटो, मग गप्पा. एकत्र जेवायची ही हौस चांगलीच आहे, पण ती रामेनच्या जेवणाला मानवत नाही. आधी वाटून खायचे पदार्थ मागवावेत, गप्पा तेव्हा माराव्यात आणि रामेन शेवटी, प्रत्येकाचे वेगळे.

┌──────────────
चौकट: वाडगा समोर आला की
• पहिला घोट रश्श्याचा, सावकाश. तेलाखाली तो फार गरम असतो.
• लगेच नूडल्सना हात घाला. अंडे, भाज्या, मांस थांबू शकतात, नूडल्स नाही.
• घट्ट नूडल्स आवडत असतील तर मागवतानाच सांगा.
• दोघांत एक वाडगा घेऊ नका. घ्यायचाच असेल तर दुसरा रिकामा वाडगा तापवून मागा.
• तिखट, लसूण, व्हिनेगर निम्मे खाऊन झाल्यावर घाला, म्हणजे मूळ चवही कळते.
──────────────┘

पार्सलचे काय?

घरपोच रामेन मागवायचे तर नूडल्स आणि रस्सा वेगवेगळ्या डब्यांत देणारेच दुकान निवडावे. रस्सा घरी पुन्हा उकळावा, नूडल्स उकळत्या पाण्यातून क्षणभर काढून निथळाव्यात आणि मगच एकत्र कराव्यात. तरीही दुकानातली मजा पूर्ण येत नाही, कारण उकडलेल्या नूडल्समधले पाणी वाटेतही आत सरकत असते. काही दुकाने नूडल्स जरा कच्च्या ठेवून देतात, ते शहाणपणाचे.

हा प्रश्न मुळापासून सोडवला तो मोमोफुकु आंदो यांनी. ओसाकाजवळच्या इकेदा गावात घरामागच्या खोपटात प्रयोग करून त्यांनी १९५८ मध्ये झटपट रामेन बाजारात आणले. उकडलेल्या नूडल्स गरम तेलात तळल्या की आतल्या पाण्याची झटक्यात वाफ होते आणि ती निसटताना असंख्य बारीक छिद्रे मागे ठेवते. पाणी नाही म्हणून त्या महिनोन्‌महिने टिकतात. छिद्रे आहेत म्हणून गरम पाणी दोन-तीन मिनिटांत आत शिरते. १९८३ मध्ये मॅगी भारतात आली ती याच वंशातली. मात्र ज्या छिद्रांमुळे ती लवकर तयार होते, त्याच छिद्रांतून ती रस्साही लवकर पिऊन टाकते. फोनवर बोलणाऱ्याचा वाडगा कोरडा पडतो तो म्हणून.

मीठ

२०१५ मध्ये मॅगीवर देशभर बंदी आली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. वाद शिशाचा होता आणि वेष्टनावरच्या ग्लूटामेटविषयीच्या मजकुराचाही. तेव्हापासून अनेक घरांत ग्लूटामेटची भीती बसली आहे. काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत, नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात, ते डोकेदुखी वगैरे घडवते असे ठामपणे दिसलेले नाही. त्याच्या क्षारात, म्हणजे मोनोसोडियम ग्लूटामेटमध्ये, सोडियम सुमारे १२ टक्के असते, साध्या मिठात सुमारे ३९ टक्के.

खरी जपणूक मिठाची करायला हवी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. रश्श्यासकट संपवलेल्या एका वाडग्यात तेवढे किंवा त्याहून जास्त मीठ सहज असते आणि त्यातले बरेचसे रश्श्यात असते. रक्तदाब असलेल्यांनी नूडल्स आणि वरचे पदार्थ मनसोक्त खावेत, चार-सहा घोट घ्यावेत आणि बाकीचा रस्सा वाडग्यात ठेवून उठावे. जपानमध्येही पुष्कळ लोक तसेच करतात आणि आचाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही.